जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम: पाच अडथळे आणि चाळीस वर्षांचा इतिहास



या वेळी पाण्याचे नमुने नाहीत, आलेख नाहीत. या वेळी आमच्या घरातला एक म्हातारा लॅपटॉप आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण संशोधनाच्या पद्धतीबद्दल मला जे दोन वर्षं कोर्सवर्कमध्ये नीट कळलं नव्हतं, ते या लॅपटॉपने दोन दिवसांत शिकवलं.

आमचं गाव उजनी धरणाच्या काठावर. म्हणजे आत्ताचं गाव. जुनं गाव पाण्याखाली आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि करमाळा, माढा, इंदापूर अशा तालुक्यांतली बरीच गावं उठून वर सरकली. माझे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तेव्हा विशीत होते. पुढे त्यांनी एक काम हाती घेतलं: जुन्या गावात कुणाचं घर कुठे होतं, वाडा कुणाचा, आड कुठे, कोण उठून कुठल्या गावाला गेलं, याची यादी. आधी वहीत, मग २०१० साली लॅपटॉप घेतल्यावर तालुक्यातल्या टायपिंगवाल्याकडून ती लॅपटॉपवर चढवली. वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजून गेल्या. उरली ती लॅपटॉपमधली एकच प्रत.

२०२५ च्या दिवाळीत घरी गेले तर धाकटी चुलत बहीण म्हणाली, "ताई, हा लॅपटॉप मला कॉलेजला चालेल असा करून दे की. दुकानवाला म्हणतो, टाकून द्या, ह्यावर आता काहीच बसत नाही."

दुकानवाला अगदीच खोटं बोलत नव्हता. लॅपटॉपवर विंडोज ७ होती, तिचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी संपला. आणि २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, जी या यंत्रात नाही. राहिला लिनक्सचा रस्ता. मी डेबियन १३ निवडली, ऑगस्ट २०२५ ची ताजी आवृत्ती. पण "बसवली आणि चालली" असं झालं नाही. एकामागून एक पाच ठिकाणी अडलं. प्रत्येक अडथळ्याला एक तारीख होती, आणि तीच आजची गोष्ट आहे.

पहिला अडथळा: नेट आहे, पण एकही साइट उघडत नाही

मी यायच्या आधी बहिणीने स्वतः प्रयत्न केला होता. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं, ब्राउझर उघडला, तर प्रत्येक साइटवर "हे कनेक्शन सुरक्षित नाही". तिने निष्कर्ष काढला: धरणाकाठी रेंज खराब. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचं खापर आधी रेंजवर फुटतं.

पण त्याच हॉटस्पॉटवर माझा लॅपटॉप नीट चालत होता. म्हणजे रेंज सुटली. मग मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख: १ जानेवारी २०१०.

आता हे बघा. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याला स्वतःचं टिकणारं घड्याळ नव्हतं. दर वेळी चालू केला की डॉस तारीख-वेळ विचारायची. १९८४ च्या पीसी एटी या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप आली आणि तेव्हापासून बहुतेक पीसींच्या पोटात घड्याळासाठी एक छोटा सेल असतो. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ कारखान्यातल्या तारखेला परत जातं. आमच्या लॅपटॉपची मुख्य बॅटरी तर कधीच गेली होती, त्यामुळे प्लग काढला की तो थेट २०१० मध्ये.

आणि साइट का उघडत नव्हत्या? सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असतं. २०१० मध्ये बसलेल्या ब्राउझरला २०२५ चं प्रमाणपत्र "अजून सुरूच न झालेलं" दिसतं. तो ते नाकारतो, आणि त्याच्या जागी तो बरोबरच असतो.

तारीख हाताने दुरुस्त केली, साइट उघडल्या. सेल नंतर बदलला.

संशोधनात हे लक्षात ठेवा: लक्षण एका जागी दिसतं, कारण दुसऱ्या जागी असतं. आणि ते शोधायला एकच चाचणी पुरली: तेच हॉटस्पॉट, दुसरा लॅपटॉप. आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तो हाच.

दुसरा अडथळा: "हा ३२-बिटचा आहे"

दुकानवाल्याचं दुसरं वाक्य हे होतं. पुरावा म्हणून त्याने सेटिंगमधली ओळ दाखवली होती: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम.

ओळ खरी, निष्कर्ष चुकीचा. ती ओळ त्या यंत्रावर बसवलेल्या सिस्टीमबद्दल होती, प्रोसेसरबद्दल नाही. एएमडीने २००३ मध्ये जुन्या ३२-बिट प्रोग्रामसकट चालणारे ६४-बिट प्रोसेसर बाजारात आणले, पुढच्या वर्षी इंटेलनेही तोच रस्ता धरला. २०१० पर्यंत बहुतेक नव्या लॅपटॉपचे प्रोसेसर ६४-बिटचे झाले होते. पण रॅम २ जीबी असेल तर ६४-बिट सिस्टीमचा फारसा फायदा नव्हता, कारण ३२-बिटला ४ जीबीपर्यंतचे पत्ते मोजता येतात. म्हणून त्या काळात ६४-बिट यंत्रावर ३२-बिट सिस्टीम सर्रास बसवली जायची.

खात्री करायला लाइव्ह पेनड्राइव्हवरून (तो कसा चालू झाला ते पुढे येतंच) "एलएससीपीयू" ही आज्ञा दिली. उत्तर आलं: ३२-बिट, ६४-बिट, दोन्ही. पंधरा वर्षं तो प्रोसेसर अर्ध्या ताकदीच्या भाषेत बोलत होता, एवढंच.

हा मुद्दा किरकोळ नव्हता. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद झालं आहे. उबुंटूने तो डेस्कटॉपसाठी २०१७ मध्येच बंद केला होता. म्हणजे प्रोसेसर खरोखर ३२-बिटचा असता, तर ताज्या डेबियनचं दार त्याच ऑगस्टमध्ये बंद झालं असतं. यंत्र जुनं होतं ते फक्त झिजून नाही. कुठेतरी काही माणसं बसून ठरवतात की या तारखेनंतर याला सांभाळायचं नाही, आणि त्या दिवशी चालतं यंत्र जुनं होतं. त्या माणसांचीही बाजू असते: प्रत्येक जुना प्रकार तपासत राहायला हात लागतात आणि हात थोडे असतात.

लेबल वाचताना विचारा: हे कशाचं वर्णन आहे? वस्तूचं, की वस्तूवर कुणी आधी केलेल्या कामाचं?

तिसरा अडथळा: पेनड्राइव्ह दिसतो, पण चालू होत नाही

बहिणीने इन्स्टॉलरची फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर कॉपी केली होती. लॅपटॉप चालू केला की बूट करण्याजोगं काही नाही, अशा अर्थाचा एका ओळीचा संदेश यायचा. "फाइल तर आहे की त्यात," ती म्हणाली.

फाइल होती. पण हा लॅपटॉप फायली वाचून सुरू होणाऱ्या पिढीतला नाही. त्याच्यात बायोस आहे, १९८१ च्या पीसीपासून चालत आलेली पद्धत. चालू झाल्यावर बायोस डिस्कवरचे फक्त पहिले ५१२ बाइट उचलतो, त्यातल्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का बघतो, आणि असेल तर त्या ५१२ बाइटांतला कोड चालवतो. तिथे योग्य कोड नसेल, तर पुढे तुम्ही काहीही ठेवा, त्याला ते दिसत नाही. म्हणून इन्स्टॉलरची फाइल पेनड्राइव्हवर "कॉपी" करून चालत नाही. तिच्यातला मजकूर पहिल्या बाइटापासून पेनड्राइव्हवर "लिहावा" लागतो. त्यासाठी वेगळं साधन मिळतं. मी माझ्या लॅपटॉपवरून ते केलं आणि पाचव्या मिनिटाला डेबियन सुरू झाली.

नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय असतं. इंटेलने त्याची सुरुवात नव्वदच्या दशकात केली, २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ते काम एका मंचाकडे घेतलं, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यावर ते बहुतेक नव्या पीसींमध्ये दिसू लागलं. तरीही कितीतरी वर्षं त्याच यंत्रांत जुन्या बायोससारखं वागण्याची सोय ठेवलेली होती.

आमच्याकडे याचं उदाहरण रस्त्यावरच आहे. भिगवणजवळ डिकसळचा इंग्रजांच्या काळातला पूल रेल्वेसाठी बांधलेला. धरण झाल्यावर रेल्वेमार्ग दुसरीकडे गेला, पण पूल उभा होता. मग कित्येक वर्षं तोच पूल करमाळा आणि इंदापूर तालुक्यांमधला रस्ता म्हणून वापरला गेला. बांधणाऱ्यांनी उसाच्या ट्रॉल्यांचा विचार केला नव्हता. बायोसचंही तसंच: काही केबींच्या जगासाठी बांधलेली वाट, आणि तिच्यावरून आपण ३० वर्षं गिगाबाइटं नेली.

चौथा अडथळा: वायफाय गायब

हा छोटा. इन्स्टॉलर सुरू झाला, पण वायफायच्या यादीत काहीच नाही. वायफाय चिपला चालायला निर्मात्याची एक छोटी बंद फाइल, फर्मवेअर, लागते. डेबियन हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वावर उभा, त्यामुळे अशा बंद फायली अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालायच्या की नाही यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून त्या घालायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या येऊ लागल्या. तरी काही चिपांच्या फायली वाटायची परवानगीच नसते, त्या अजूनही वेगळ्या आणाव्या लागतात. आमची चिप त्यांतली निघाली.

उपाय सोपा: फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग. त्याला वायफाय चिपची गरजच नाही. नेट आलं, मग लागणारं फर्मवेअर नंतर सावकाश घातलं.

पाचवा अडथळा: जागा आहे, पण वापरता येत नाही

इथे मी मोठी चूक करता करता वाचले.

मला विंडोज ठेवून शेजारी डेबियन बसवायची होती. डिस्कवर थोडी जागा मोकळी केली, तर इन्स्टॉलर म्हणतो, ही मोकळी जागा "निरुपयोगी" आहे. कारण काय? त्या पहिल्या ५१२ बाइटांचा हिशोब बघा: ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडला, ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला, २ बाइट खुणेला. तक्त्यातली एक नोंद १६ बाइटांची. ६४ भागिले १६ म्हणजे ४. एका डिस्कवर चारच मुख्य विभाग! हा तक्ता १९८३ च्या डॉस २.० पासूनचा, जेव्हा पीसी एक्सटीची हार्ड डिस्क १० एमबीची होती. १० एमबीचे चार तुकडे कुणाला कमी पडणार?

२०१० च्या आमच्या लॅपटॉपवर ते चारही भरलेले होते: विंडोजचा छोटा राखीव भाग, सी, डी, आणि कारखान्यातून आलेला रिकव्हरीचा भाग. पाचव्याची नोंद लिहायला कागदावर ओळच नाही.

इन्स्टॉलरने मात्र एक सोपा पर्याय समोर ठेवला होता: संपूर्ण डिस्क वापरा. रात्रीचे अकरा वाजलेले, वीज दोनदा जाऊन आलेली. मी मनात म्हटलं, आबांच्या फायली डी मध्येच आहेत, त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते आणि सगळं पुसून टाकते. लाइव्ह सिस्टीममधून डी ची पूर्ण प्रत काढली, दोन्हीकडच्या फायलींचे शा-२५६ चेकसम जुळवले. सगळे जुळले. एकही बाइट इकडचा तिकडे नाही.

पुसण्याआधी एक फाइल उघडून बघावी म्हणून यादी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. एकही मराठी अक्षर नाही.

आबा मागे उभे होते. "निघालं का गं?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता येईना.

आता यामागचा इतिहास. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. पुण्याच्या सीडॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी या काळात मोठं काम केलं. २००० सालच्या विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी टाइप करता येत होतं. म्हणजे २०१० पर्यंत मानक होतं, सोय होती. पण तालुक्याच्या टायपिंगच्या आणि छपाईच्या दुकानांत चालायचे ते वेगळेच फॉन्ट. त्यांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फाइलमध्ये साठतो तो इंग्रजी क्रमांक; "क" दिसतो तो फक्त फॉन्टमुळे. आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी.

म्हणजे आबांची यादी डी मध्ये होती, पण ती वाचायची किल्ली सी मध्ये, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरात पडली होती. मी जर "संपूर्ण डिस्क वापरा" दाबलं असतं, तर चेकसम जुळलेली, बिनचूक, आणि आम्हाला न वाचता येणारी प्रत माझ्या हातात उरली असती.

मी लॅपटॉप बंद केला आणि झोपले. मध्यरात्री डिस्कला हात लावायचा नाही, हा नियम तिथे शिकले.

सकाळी आधी सी चीही पूर्ण प्रत घेतली. फॉन्टची फाइल सापडली, ती लाइव्ह सिस्टीममध्ये घातली, आणि यादी उघडली. मग त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर केलं. रूपांतरात काही जोडाक्षरं बिघडली, रफार भलत्याच अक्षरावर गेले. ते यंत्राला कळणारे नव्हते. आबा आणि बहीण शेजारी बसून एकेक नाव वाचत गेले, मी दुरुस्त करत गेले. "हे गायकवाडाचं नाही, त्याच्या पलीकडलं," असं करत दुपार झाली. त्यात दोन घरांच्या जागा मूळ टायपिंगमध्येच चुकलेल्या सापडल्या. त्या आम्ही दुरुस्त केल्या, पण जुनी नोंदही शेजारी तशीच ठेवली.

त्यानंतर रिकव्हरीचा भाग काढून टाकला, शेजारच्या विभागातून थोडी जागा घेतली, आणि तक्त्यातल्या मोकळ्या झालेल्या चौथ्या ओळीत एक "विस्तारित" विभाग केला. त्याच्या पोटात हवे तेवढे विभाग करता येतात. चारची मर्यादा पुरेना म्हणून त्या काळातच काढलेली ही पळवाट. त्यात हलक्या डेस्कटॉपसह डेबियन बसली. २ जीबी रॅमवर ब्राउझरचे दहा टॅब उघडू नका, पण लिहिणं, वाचणं, पीडीएफ, थोडं पायथन, हे सगळं होतं. बहिणीचं काम भागतं.

तुमच्यासाठी

उजनीच्या पाण्याचा हिशोब तुम्ही बातम्यांत वाचला असेल. धरण साधारण ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा. उन्हाळ्यात पातळी त्याच्याही खाली गेली की "उणे इतके टक्के" अशी बातमी येते. नवख्याला वाटतं, धरणात पाणी उणे कसं असेल? पाणी असतंच. आपण शून्य कुठे धरलं ते माहीत असेल तर तो आकडा कळतो. मी पाण्यावर काम करते म्हणून मला हे पाठ होतं. लॅपटॉपसमोर बसल्यावर मात्र मी तेच विसरले होते. त्या यंत्रातल्या प्रत्येक आकड्याचा शून्य कुणीतरी, कुठल्यातरी साली धरलेला होता: ५१२, ६४, ४, ३२.

तुमच्या संशोधनातही असंच येणार. मागच्या विद्यार्थ्याची एक्सेल फाइल येईल, तिच्यातल्या रकान्यांची एककं लिहिलेली नसतील. जुन्या उपकरणाची फाइल येईल, तिला उघडणारं सॉफ्टवेअर बंद झालेलं असेल. तेव्हा या चार गोष्टी करा.

एक, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. मी पाचही अडथळे लिहून ठेवले होते म्हणून हा लेख लिहिता आला.

दोन, एररचा संदेश शब्दशः उतरवा. "चालत नाही" ही नोंद नव्हे.

तीन, प्रत घेतली की ती दुसऱ्या यंत्रावर उघडून वाचा. चेकसम सांगतो की प्रत मूळासारखी आहे. मूळ वाचता येतं का, हे तो सांगत नाही.

चार, डेटाबरोबर तो वाचायची किल्लीही जपा: फॉन्ट, सॉफ्टवेअरची आवृत्ती, एककं, रकान्यांचे अर्थ. आणि ज्याला ते तोंडपाठ आहे तो माणूस हयात असताना त्याच्याशेजारी बसून तपासून घ्या.

आबांची यादी आता युनिकोडमध्ये आहे. एक प्रत लॅपटॉपवर, एक माझ्याकडे, एक बहिणीच्या फोनमध्ये, आणि एक छापून आबांच्या कपाटात. छापलेली प्रत आबांनीच मागितली. "ह्याला वीज लागत नाही," म्हणाले.

या आठवड्यात एवढंच करा: तुमच्याकडची सगळ्यात जुनी आणि महत्त्वाची फाइल शोधा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रावर उघडून बघा.